दुसरी प्रत

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी एक विधी होतो. त्याला कोणत्याही पोथीचा आधार नाही. अभ्यंगस्नाने आटोपली, फराळाची ताटे उचलली गेली, की मी कपाटातून पत्त्यांच्या जोडाएवढी एक काळी पेटी काढतो, तिची वायर कॉम्प्युटरला जोडतो आणि तासभर तिच्यासमोर बसून राहतो. त्या तासात घरातले वर्षभराचे लेखन, छायाचित्रे, पत्रे, जमाखर्च ह्या साऱ्यांची दुसरी प्रत त्या पेटीत उतरते. नातू ह्याला ‘आबांची डिस्कपूजा’ म्हणतो आणि पेटीपुढे एक चकली ठेवून जातो. मी ती चकली खातो व काम पुढे चालू ठेवतो.

पेढीवाल्यांनी ह्या दिवसांत वहीपूजन करावे, हे सर्वांना रास्त वाटते. इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षकाने असला खटाटोप का करावा, असा प्रश्न मात्र पाहुणे विचारतात. त्यांना मी हसून काहीतरी उत्तर देतो. खरे उत्तर लांब आहे, आणि त्याच्या शेवटी माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती आज सांगून टाकावी म्हणून हा लेख.

आमची आई ओव्या म्हणत असे. दळणाच्या, माहेरच्या, पंढरीच्या, पाळण्याच्या. त्यांतल्या कित्येक तिने आपल्या आजीकडून घेतलेल्या, काही तिच्या स्वतःच्या. लग्नानंतर तिने त्या एका जाड वहीत उतरवून ठेवल्या होत्या. आम्ही पुण्यास नारायण पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर राहत होतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वडिलांनी आम्हां सर्वांना अंगावरच्या कपड्यांनिशी सदाशिव पेठेत उंचावर राहणाऱ्या एका नातलगांकडे नेले. परत आलो तेव्हा घरभर घोटाभर चिखल होता. फडताळातली वही सापडली. परंतु पानांचा लगदा झालेला, आणि शाईचे निळे डाग तेवढे उरलेले.

आई रडली नाही. दोन-तीन महिन्यांनी, घर जरासे मार्गी लागल्यावर, तिने ताईला एक नवी वही घेऊन समोर बसविले. ताई तेव्हा चौदा वर्षांची. आईने जात्यात मूठभर जोंधळे टाकले आणि खुंटा धरला. गिरण घराजवळ होती, जात्याचे दिवस संपत आले होते; पण नुसते बसून सांगू गेले तर तिला ओवी आठवत नसे. हात फिरू लागला की ओवी येई. ती म्हणे आणि ताई लिहून घेई. पावसाळ्यानंतर सुरू झालेले हे काम संक्रांतीपर्यंत पुरले. पुरात गेलेली वही अशा रीतीने परत आली. सगळीच्या सगळी आली का, हे कोण सांगणार? आई म्हणे, “दहा-वीस राहिल्या असतील. आठवल्या की सांगेन.” अधूनमधून ती स्वयंपाकघरातून ताईला हाक मारी आणि वहीत एक ओवी वाढे.

*

पुढे इतिहास शिकवू लागल्यावर मला कळले की आईने केले ते ह्या मातीत सहाशे वर्षांपूर्वीही घडले होते. महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यचरित्रग्रंथ. श्रीचक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी, नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली, ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडून ती मिळवून, पडताळून तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध केला. चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत त्याची मूळ पोथी नाहीशी झाली. पंथातील मंडळींनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. त्यात हिराइसा ह्या बाईचे नाव आदराने घेतले जाते. तिला ग्रंथ मुखोद्गत होता. परंतु स्मरण करणारे अनेक, तेव्हा पाठही अनेक झाले, आणि आज अभ्यासक त्या पाठभेदांचा मेळ घालीत बसतात. मूळ वस्तू गेल्यावर प्रतीवरून ती परत मिळते खरी, पण जशीच्या तशी मिळेल असे नाही. हा धडा मी वर्गात पुष्कळ वर्षे शिकविला. स्वतः मात्र शिकलो नाही.

महानुभावांनी आणखी एक केले. आपले ग्रंथ त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. परक्याच्या हाती पोथी पडली तरी त्याला ती वाचता येऊ नये. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या लिप्या उलगडल्या आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला पूर्वी ठाऊक नसलेले एक दालन मिळाले. ग्रंथ तोवर होतेच. किल्ली महंतांपाशी होती, बाहेरच्यांपाशी नव्हती. किल्ली सांभाळणारी परंपरा मध्येच तुटली असती, तर पेटीभर पोथ्या असूनही त्यांचा उपयोग नव्हता. आज जे लोक आपली डिस्क कुलूपबंद करून तिचा परवलीचा शब्द घरात कोणालाही सांगत नाहीत, त्यांनी ह्या गोष्टीचा विचार करावा.

स्मरणावर विसंबणे ज्यांना शक्य नसते त्यांची स्थिती काय होते, ह्याचे विलायतेतले उदाहरण सुशिक्षितांच्या परिचयाचे आहे. टॉमस कार्लाइलने फ्रेंच राज्यक्रांतीच्या आपल्या इतिहासाचा पहिला खंड जॉन स्टुअर्ट मिलला वाचावयास दिला. १८३५ च्या मार्चमध्ये मिल पांढऱ्याफटक चेहऱ्याने त्याच्या दारात उभा राहिला: मोलकरणीने रद्दी समजून हस्तलिखित चुलीला लावले होते. नक्कल नव्हती. कार्लाइलने तो खंड आरंभापासून पुन्हा लिहिला आणि १८३७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखकाच्या चिकाटीचे आपण कौतुक करतो. पण एखाद्या कारकुनाकडून नक्कल करून घेतली असती, तर त्या चिकाटीची गरजच पडती ना.

*

यंत्रे आली तेव्हा ह्या बाबतीत माणसे अधिक सावध झाली. त्याचे कारण असे की, यंत्रावरचा पहिला विश्वास फार लवकर उडाला. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. यंत्राचे वजन एका टनाहून अधिक. आज नखाएवढ्या १२८ गिगाबाइटच्या चकतीत तशी २५ हजारांहून अधिक यंत्रे बसतील. फिरत्या तबकडीवरचा मजकूर क्षणात मिळे. पण तबकडी बिघडली तर तो क्षणात जाई. म्हणून मोठ्या कचेऱ्यांतून मजकुराची नक्कल चुंबकीय फितीवर उतरवून ठेवण्याचा प्रघात पडला.

ह्या फितींच्या व्यवस्थेला त्या मंडळींनी फार घरगुती नाव दिले होते: आजोबा, वडील आणि मुलगा. आजच्या हिशेबांची फीत म्हणजे मुलगा. ज्या कालच्या फितीवरून ती तयार झाली ते वडील. त्याच्याही आधीची, ते आजोबा. नवी फीत जन्मली की सर्वांत जुनी फीत पुसून वापरावयास मोकळी. पुढे ह्याच नावांनी रोजची, आठवड्याची आणि महिन्याची प्रत ओळखली जाऊ लागली. मुलाने काही गोंधळ घातला तर वडिलांना विचारावे, वडिलांनाही ठाऊक नसेल तर आजोबांना. आपल्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी ह्या दोन वह्या असत, त्याचीही मला इथे आठवण होते. कीर्दीत रोजचा व्यवहार घडला त्या क्रमाने उतरे, आणि त्यावरून खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर चढे. खतावणी गहाळ झाली तरी कीर्दीवरून ती पुन्हा मांडता येई. कॉम्प्युटरवाले आज हेच करतात: एकदा सर्व मजकुराची पूर्ण प्रत घेतात, आणि नंतर रोज फक्त बदललेले तेवढे टिपतात.

घरात कॉम्प्युटर आला तेव्हा ही शिस्त मात्र कचेरीतच राहिली. १९८० च्या सुमारास पाश्चात्त्य घरांतून जी छोटी यंत्रे दिसू लागली, त्यांतली पुष्कळशी आपला मजकूर गाण्यांच्या साध्या कॅसेटवर ठेवीत. कॅसेट लावली की टेपरेकॉर्डरमधून कर्कश किंचाळी ऐकू येई. तीच त्या मजकुराची भाषा. नक्कल हवी तर दोन टेपरेकॉर्डर जोडावेत. १९८१ साली आय.बी.एम.चा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ निघाला, त्यालाही कॅसेटची सोय होती. पण लोक वापरीत ती फ्लॉपी. १६० किलोबाइटची, सव्वापाच इंचांची, पापडासारखी वाकणारी. १९८३ साली त्याच कंपनीच्या पुढल्या यंत्रात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि तिच्याबरोबरच्या प्रणालीत दोन नव्या आज्ञा आल्या: ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’. भरलेल्या डिस्कची प्रत घ्यावयाची म्हणजे ३६० किलोबाइटच्या २८-२९ फ्लॉप्या एकामागून एक घालावयाच्या. त्यांतली एखादी मधलीच खराब निघाली, म्हणजे सत्यनारायणाच्या पोथीचा एक अध्याय गळाल्यासारखे होई.

आमच्या घरी कॉम्प्युटर १९९७ साली आला. तोवर साडेतीन इंचांच्या, १.४४ मेगाबाइटच्या कडक फ्लॉप्या रूढ झाल्या होत्या. यंत्रातली डिस्क २ गिगाबाइटची. मी हिशेब करून पाहिला: तिची संपूर्ण प्रत घेण्यास चौदाशेच्या आसपास फ्लॉप्या लागल्या असत्या. हा आकडा पाहून मी तो नाद सोडला आणि महत्त्वाचे तेवढे पाच-सात फ्लॉप्यांवर ठेवले. दोन पावसाळ्यांनी त्यांतल्या तीन उघडेनात. आत पांढरी बुरशी धरली होती. १९९९ च्या २६ एप्रिलला, चेर्नोबिलच्या दुर्घटनेच्या तारखेस, तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या विषाणूने जगभर, विशेषतः आशियात, असंख्य डिस्कांचा आरंभीचा भाग पुसून टाकला. आमचा कॉम्प्युटर त्यातून वाचला. वाचल्याने शहाणपण येत नाही. उलट, आपल्याला काही होत नाही असे वाटू लागते.

*

आता आईकडे परत येतो. १९८७ साली एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिला टेपरेकॉर्डरसमोर बसविले होते. जाते कधीच माळ्यावर गेले होते. ती मांडीवर हात गोल फिरवीत ओव्या म्हणू लागली. एक-एक तासाच्या सहा कॅसेटी भरल्या. त्यांत कुकरच्या शिट्ट्या होत्या, दारावरच्या बोहारणीची हाक होती, आणि मध्येच “अरे, हे लागलंय ना तुझं यंत्र?” असे आईचे विचारणेही होते. १९९४ साली आई गेली.

२००३ साली आम्ही नवा कॉम्प्युटर घेतला, ४० गिगाबाइटचा. कॅसेटींवरही बुरशीचे ठिपके दिसू लागले होते. टेपरेकॉर्डरमधून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि रोज संध्याकाळी एक तास, अशा सहा संध्याकाळी मी सर्व ओव्या आत उतरवून घेतल्या. खरखर थोडी कमी केली. केवढे समाधान वाटले होते! एका तासाचा आवाज एका सी.डी.वर बरोबर मावे. कोरी सी.डी. तेव्हा पंधरा-वीस रुपयांना मिळे. म्हणजे सगळ्या ओव्यांची दुसरी प्रत करण्यास शंभर-सव्वाशे रुपये आणि एक दुपार पुरेशी होती. ती दुपार मी कधी काढली नाही.

२००५ साली ताईच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, कॅलिफोर्नियात मुलगी झाली. ताईचा फोन आला: “आईचे पाळणे तिला पाठव रे. बाळाच्या कानांवर पडू देत.” तेव्हा मी एक सी.डी. केली. पाळण्यांची कॅसेट तेवढी तिच्यावर घेतली आणि सुपारीच्या डब्याबरोबर पाठवून दिली. एक झाली होती, तशा आणखी पाच झाल्या असत्या; यंत्र समोर चालूच होते. पण जेवायची हाक आली आणि मी उठलो.

२००६ साली आम्ही जागा बदलली. सामान बांधताना पत्नीने कॅसेटींचा खोका पुढे केला. “अहो, ह्या ठेवायच्या ना?” मी म्हणालो, “कशाला? कॉम्प्युटरमध्ये आहे की सगळं!” खोका रद्दीवाल्याकडे गेला. हे वाक्य माझे आहे, आणि ते मला आजही शब्दशः आठवते. दुसरी प्रत झाली म्हणून मी पहिली फेकून दिली. म्हणजे प्रत पुन्हा एकच उरली, आणि मी मात्र स्वतःस दोन प्रतींचा धनी समजत राहिलो.

२००७ च्या पावसाळ्यात एका सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. आतून टक्-टक् असा आवाज येत होता, कोणी आतून दार वाजवावे तसा. हार्ड डिस्कमध्ये वाचणारा भाग तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत असतो. तो तबकडीला टेकला की ओरखडे पडतात, आणि यंत्र जितका वेळ चालू ठेवावे तितके ते वाढतात. हे मला ठाऊक नव्हते. मी दिवसभर पुनःपुन्हा बटण दाबीत राहिलो. मुंबईस अशा डिस्का उघडून पाहणारे एक ठिकाण होते, तिथे घेऊन गेलो. तिथल्या तरुणाने तीन दिवसांनी डिस्क परत दिली आणि विचारले, “काका, दुसरीकडे कॉपी नाही का कुठे?” त्याच्या विचारण्यात दोष मुळीच नव्हता. तरीही मला त्याचा राग आला.

त्या रात्री ताईला फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “ते पाळणे असतील बघ तिच्याकडे.” भाचीने दोन घरे बदलली होती. सी.डी. मुलीच्या चित्रांच्या पुस्तकांत सापडली. तिच्यावर खडूचे ओरखडे होते, एक पाळणा मध्येच अडखळत होता. पण बाकीचा तास सुखरूप होता. सहांपैकी एक तास, तेवढी आईची चाल आज आमच्याजवळ आहे. उरलेल्या ओव्या ताईच्या अक्षरात, त्या वहीत आहेत. शब्द आहेत, चाल नाही. आईच्या हाताला ती चाल ठाऊक होती. माझ्या हाताला ठाऊक नाही. १९६१ साली पुराने नेलेले आईने परत आणले, ते मी गमावलेले मला आणता आले नाही.

*

पुढे काही वर्षांनी एक हकीकत वाचनात आली आणि मी थक्क झालो. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्रपटाचे काम चालू होते. हा सारा चित्रपट कॉम्प्युटरवरच घडत होता. एके दिवशी कोणाकडून तरी सर्व काही पुसून टाकण्याची आज्ञा चुकून दिली गेली. पडद्यावर पाहत असलेल्या मंडळींच्या डोळ्यांदेखत एकेक पात्र, एकेक वस्तू नाहीशी होऊ लागली. यंत्राची वीज तोडेपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग गेला होता. प्रती होत्या, रोज घेतल्या जात होत्या. परंतु त्या सुमारे महिनाभर नीट उतरतच नव्हत्या आणि हे कोणाला ठाऊक नव्हते. तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन ससमन ह्यांना त्या सुमारास मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करीत, आणि चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर गोधड्यांत गुंडाळून, मोटारीच्या मागच्या आसनावर पट्ट्याने बांधून, सावकाश कचेरीत आणला गेला. त्यावरून चित्रपट परत उभा राहिला. पुढे कथा पुष्कळशी बदलून तो नव्याने रचला गेला आणि १९९९ च्या नोव्हेंबरात लोकांसमोर आला, ही गोष्ट वेगळी.

एवढ्या मोठ्या संस्थेची घडी विस्कटली आणि एका बाळंतिणीच्या घरच्या यंत्राने ती सावरली. आमच्या घरीही बाळासाठी म्हणून गेलेली सी.डी. तेवढी वाचली. दोन्ही प्रती कोणी सुरक्षिततेसाठी केल्या नव्हत्या. पण दोन्ही प्रती मूळ जागेपासून दूर होत्या, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी त्या वापरीत होते. म्हणून त्या चालू स्थितीत आहेत, हे ठाऊक होते.

जाणत्यांनी ह्यावर एक सोपा नियम बांधला आहे. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने ह्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या ग्रंथातून तो लोकप्रिय केला: तीन, दोन, एक. प्रती तीन असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतली एक तरी घराबाहेर असावी. ह्यातला प्रत्येक आकडा कोणाच्या तरी नुकसानीतून आलेला आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरच्या घरांत कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारच्या खणातली त्याची प्रत एकाच पाण्याखाली गेली. पानशेतच्या वेळी आमच्या वहीचे तेच झाले होते. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतल्या कॉम्प्युटरांवरचा मजकूर कुलूपबंद केला आणि किल्लीसाठी पैसे मागितले. अशा विषाणूला यंत्राला कायम जोडून ठेवलेली डिस्कही हाताशीच असते. म्हणून प्रत घेतली की वायर काढून ठेवावी.

आजकाल पुष्कळ जण सांगतात की आमचे सर्व काही इंटरनेटवर आपोआप जाते. ते चांगलेच आहे. पण नुसती जुळवाजुळव ही नक्कल नव्हे. तुम्ही फोनमधले छायाचित्र चुकून पुसले की तिकडचेही पुसले जाते. सावलीसारखी ती तुमच्यामागे येते. तुम्ही खड्ड्यात पडलात तर सावली वर उभी राहत नाही. कालचा मजकूर काल होता तसा जिथे मिळेल, तीच खरी प्रत.

आणि शेवटची गोष्ट पडताळ्याची. वैदिकांनी संहिता पाठ केली आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांत तेच शब्द सुटे करून, पुढे-मागे गुंफून म्हणण्याची रीत त्यांनी घातली. एखादे अक्षर जरी ढळले तरी ते कुठेतरी अडखळून उघडकीस यावे. कॉम्पुटरही प्रत घेताना मजकुरावरून एक आकडा काढून ठेवतो व पुढे तो जुळतो का, हे पाहतो. पण घरच्या माणसाने निदान वर्षातून एकदा जुनी प्रत उघडून, त्यातले एखादे पत्र वाचून, एखादे गाणे ऐकून पाहावे. पिक्सारच्या प्रती न उघडलेल्याच राहिल्या होत्या.

*

म्हणून आमची ही पाडव्याची पूजा. रोजचे काम एका डिस्कवर रोज उतरते, ते आमचे ‘मुलगा’. महिन्याचे दुसरीवर, ते ‘वडील’. आणि पाडव्याची ही काळी पेटी म्हणजे ‘आजोबा’. तिचा परवलीचा शब्द देवघरातल्या पंचांगाच्या मागे लिहून ठेवला आहे आणि तो सुनेला ठाऊक आहे. पेट्या दोन आहेत. ताई आता साताऱ्यास असते. भाऊबीजेला मी तिच्याकडे जातो तेव्हा ओवाळणीबरोबर नवी पेटी तिच्या हाती देतो आणि गेल्या वर्षीची परत घेऊन येतो. ती पेटी आपल्या कपाटात साडीखाली ठेवते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिला कॉम्प्युटर उघडता येत नाही, पण पेटीत काय आहे ते तिला पुरते ठाऊक आहे.

पेटी बदलण्यापूर्वी एक पडताळा होतो. ताईचा जावई दिवाळीला आलेला असेल तर तो, नाहीतर माझा नातू, लॅपटॉप लावून जुनी पेटी उघडतो आणि आईचे पाळणे सुरू करतो. मध्ये तो अडखळणारा पाळणा येतो. तिथे आवाज तुटतो आणि दोन कडव्यांनंतर पुन्हा लागतो. त्या दोन कडव्यांपुरती ताई स्वतः म्हणते. तिचा हात मांडीवर गोल फिरत असतो.

गेल्या वर्षी नातवाने तेवढे फोनवर टिपून घेतले आणि मला न विचारता नव्या पेटीत घातले. “आबा, आता पूर्ण झाला,” तो म्हणाला. मी विचारले, “दुसरी प्रत केलीस?” त्याने मान हलविली: “अमेरिकेत मावशीला पाठवली.”